किनवटचे स्वशासन : अर्ज की करार?

दरवर्षी १७ सप्टेंबरचा दिवस उजाडला, की मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत मुक्तिसंग्रामाचे स्मरण होते. लातूरमध्ये ध्वज फडकतो, हुतात्म्यांना वंदन केले जाते, स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आदराने घेतले जाते, रझाकारांच्या अत्याचारांची आठवण निघते आणि भाषणाच्या उत्तरार्धात, ठरल्याप्रमाणे, मराठवाड्यावरील अन्यायाचा पाढा वाचला जातो. मराठवाडा बिनशर्त महाराष्ट्रात आला आणि त्याच्या पदरी अनुशेष पडला, हे या भाषणांचे पालुपद असते. ते खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याचा हा उत्सव, त्याच राजवटीपुढे १९४८ च्याही आधी आठ वर्षे एक वेगळा दावा मांडला गेला होता, आणि तो मांडणारे लोक ज्या डोंगररांगांत राहत होते त्यांचे एक टोक आज नांदेड जिल्ह्यात आहे, याचा उल्लेख या दिवशी क्वचितच होतो.

तो दावा होता आदिलाबादच्या गोंडांचा आणि कोलामांचा. किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. आज संपूर्ण मराठवाड्यात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येणारे अनुसूचित क्षेत्र फक्त नांदेड जिल्ह्यात, आणि तेही किनवट-माहूरच्या बाजूला आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तेथील सुमारे दीडशे गावे आणि किनवट शहर यांचा समावेश झाला. लातूरच्या वाचकाला हा प्रदेश दूरचा वाटतो. नांदेड ओलांडून पुढे शंभराहून अधिक किलोमीटर गेल्यावर पैनगंगेच्या काठचे सागवानी जंगल लागते. तथापि मराठवाडा मुंबईपाशी आणि दिल्लीपाशी जो युक्तिवाद गेली सात दशके करीत आला आहे, तोच युक्तिवाद किनवटचा आदिवासी मराठवाड्यापाशी करू शकतो, आणि त्याला उत्तर देण्याची वेळ आता आली आहे.

पट्टा आणि राज्य

कुमरम भीम हा आसिफाबादजवळच्या गोंड कुटुंबातला. जंगल खाते, महसुली अंमलदार आणि बाहेरून येऊन जमिनी बळकावणारे सावकार या तिघांच्या कचाट्यात सापडलेल्या आपल्या लोकांना त्याने संघटित केले. जोडेघाट आणि बाबेझरीच्या परिसरातील बारा गावांचा प्रश्न घेऊन तो उभा राहिला. गोंडांमध्ये परंपरेने सांगितले जाते, की निजामाच्या भेटीसाठी तो हैदराबादला गेला आणि भेट न होताच परतला. पुढे सरकारचे अधिकारी बोलणी करण्यास आले, बारा गावांतील जमिनीचे पट्टे देण्याची त्यांनी तयारी दर्शविली, आणि भीमाने ती नाकारली. त्याचे म्हणणे होते, की बारा गावांचा कारभार गोंडांच्या हाती असावा, जंगल आणि महसुलाच्या अंमलदारांनी तेथून निघून जावे. बोलणी फिसकटली. १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात भीम आपल्या सहकाऱ्यांसह मारला गेला.

या कथेतील तपशिलांविषयी मतभेद असू शकतील. तिचा गाभा मात्र असंदिग्ध आहे. सरकार जमीन देऊ करीत होते आणि गोंड अधिकार मागत होते. जमिनीचा पट्टा देणाऱ्याला तो परत घेता येतो. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्याकडून जमीन हिरावणे अवघड असते. निरक्षर समजल्या गेलेल्या त्या माणसाला हा भेद समजला होता. त्या भेदावरच पुढच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांतील सगळी बोलणी अडलेली आहेत.

बंड मोडल्यानंतर निजाम सरकारला त्याची कारणे शोधण्याची गरज वाटली. व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हे महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडले होते. त्यांच्याकडे गोंडांच्या अभ्यासाचे काम आले. त्यांनी उत्नूरजवळच्या मार्लवाईत राहून पाहणी केली, जमिनींचे वाटप करवून घेतले, गोंडी भाषेतून शिक्षण देण्यासाठी शिक्षक तयार केले. ही कामगिरी मोठी होती. परंतु तीही एका सहृदय सल्लागाराने सरकारला दिलेल्या सल्ल्यातून झाली. सल्लागार चांगला होता म्हणून पट्टे मिळाले. बारा गावांच्या राज्याचा प्रश्न त्यात कोठेच नव्हता. निजामाने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी जैसे थे करार केला, तेव्हाही बोलणी दोन राजधान्यांत झाली. त्या करारात लातूरचा शेतकरी पक्षकार नव्हता, तसाच जोडेघाटचा गोंडही नव्हता.

सीमा बदलल्या, प्रश्न तोच

स्वातंत्र्यानंतर मराठवाड्याला निदान बोलण्याची संधी मिळाली. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर देवीसिंह चौहान, लक्ष्मणराव भाटकर, भगवंतराव गाढे आणि प्रभावतीदेवी जकातदार यांनी मराठवाड्याच्या वतीने स्वाक्षऱ्या केल्या. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विकास मंडळांची तरतूद झाली. ती अमलात येण्यास १९९४ साल उजाडले, आणि त्या वैधानिक मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनःस्थापनेचा निर्णय घेतला, तोही शिफारशीच्या स्वरूपाचा होता. या इतिहासाविषयी मराठवाड्याची तक्रार रास्त आहे. करार झाला, पण त्याची अंमलबजावणी करवून घेण्याचे साधन दुसऱ्या पक्षाच्या हाती राहिले, असे त्या तक्रारीचे सार आहे.

किनवटच्या वाट्याला ती तक्रार करण्याइतकाही करार आला नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून काढून नांदेडला जोडण्यात आले. राजुराही त्याच वेळी आले आणि पुढे चंद्रपूरला गेले. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व योग्य असले, तरी गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्यांना ते लागू करताना कोणती भाषा विचारात घ्यायची, हा प्रश्न कोणी विचारला नाही. एकाच कुळातील सोयरे दोन राज्यांत विभागले गेले. पुढे त्यांना लागू होणारे कायदेही वेगळे झाले. पलीकडे आंध्र प्रदेशात १९५९ च्या विनियमात १९७० साली दुरुस्ती होऊन अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगरआदिवासीकडे हस्तांतरित करण्यास जवळजवळ पूर्ण मनाई झाली. अलीकडे महाराष्ट्रात १९७४ चे कायदे आले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद त्यांत होती, आणि पुढील हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची व शासनाची परवानगी आवश्यक ठरली. डोंगर एक, माणसे एक, पण सीमारेषेच्या कोणत्या बाजूला झोपडी आहे त्यावर तिच्याखालच्या जमिनीचे भवितव्य ठरू लागले.

घटनेच्या पाचव्या अनुसूचीने या प्रदेशांसाठी राज्यपालांना असाधारण अधिकार दिले आहेत. संसदेचा वा विधिमंडळाचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होऊ नये, असे ते जाहीर करू शकतात; विनियम करू शकतात; राष्ट्रपतींना या क्षेत्राच्या प्रशासनाविषयी प्रतिवेदन पाठविणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि केंद्र सरकार त्यावरून राज्याला निर्देश देऊ शकते. कागदावर पाहता दिल्ली आणि किनवट यांच्यामध्ये एक सरळ रस्ता आखलेला आहे. मात्र त्या रस्त्याने जाण्याचा अधिकार किनवटला नाही. जनजाती सल्लागार परिषदेत आदिवासी आमदारांचे बहुमत असते, पण ज्या विषयांवर राज्यपाल सल्ला मागतील त्यांवरच सल्ला देणे हे तिचे घटनादत्त काम. पाचवी अनुसूची पालकत्वाच्या कल्पनेवर उभी आहे. पालक कितीही कनवाळू असला, तरी पाल्याशी तो करार करीत नाही.

कायद्याने दिले आणि शब्दांनी राखले

ही उणीव भरून काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९९६ मध्ये झाला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचे पंचायतराज अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नव्हते. दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९५ मध्ये अहवाल दिला आणि २४ डिसेंबर १९९६ रोजी पेसा या नावाने ओळखला जाणारा कायदा अमलात आला. त्याची मूळ कल्पना क्रांतिकारक होती. गाव म्हणजे महसुली दप्तरातील गाव नव्हे; जी वस्ती, पाडा वा वस्त्यांचा समूह आपला व्यवहार रूढीपरंपरेनुसार स्वतः चालवतो, ते गाव. त्या गावाची ग्रामसभा आपल्या परंपरा, सामूहिक संपत्ती आणि तंटे मिटविण्याची रीत यांचे रक्षण करण्यास समर्थ आहे, असे संसदेने मान्य केले. ‘समर्थ आहे’ या शब्दांत अधिकार देण्याची नव्हे, तर आधीपासून असलेला अधिकार ओळखण्याची भूमिका आहे.

तथापि त्याच कायद्यात शब्दांची एक उतरंड आहे, आणि ती काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे. गौण वनोपजाची मालकी, दारूबंदी, गेलेली जमीन परत मिळविणे, सावकारी आणि गावचा बाजार यांवरील नियंत्रण, हे अधिकार ग्रामसभेला आणि योग्य स्तरावरील पंचायतीला मिळाले. गौण खनिजाच्या परवान्यासाठी त्यांची पूर्वशिफारस आवश्यक ठरली. परंतु प्रकल्पासाठी जमीन संपादन करायची असेल, म्हणजे गावाचे अस्तित्वच पणाला लागत असेल, तेव्हा मात्र केवळ विचारविनिमय पुरेसा मानला गेला, आणि तोही ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी. तेंदूपानाच्या बाबतीत गाव मालक आणि स्वतःच्या जमिनीच्या बाबतीत गाव सल्लागार, अशी ही विभागणी आहे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्याची चर्चा जवळजवळ होत नाही. जिल्हा स्तरावरील पंचायतींची रचना करताना राज्य विधिमंडळाने सहाव्या अनुसूचीचा, म्हणजे ईशान्य भारतातील स्वायत्त जिल्हा परिषदांचा नमुना अनुसरण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. महाराष्ट्रात तसा नमुना कोठे उभा राहिला नाही.

महाराष्ट्राने पेसाचे नियम केले २०१४ मध्ये. संसदेच्या कायद्यापासून राज्याच्या नियमांपर्यंतचे अंतर अठरा वर्षांचे. इतर काही राज्यांच्या मानाने महाराष्ट्राची कामगिरी बरी आहे, हे नमूद केले पाहिजे. पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळविण्याची रीत नियमांत आली. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामसभांना देण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. तेंदूपाने स्वतः गोळा करून विकण्याचा पर्याय ग्रामसभांपुढे आला. पण किनवट-माहूरच्या कोलाम पोडाकडे पाहिले, तर या तरतुदींचे खरे मोजमाप होते. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. तिची वस्ती म्हणजे पोड, थोड्या घरांचे आणि बहुधा मूळ गावापासून दूर. गटग्रामपंचायतीच्या सभेत पोडातली मोजकी माणसे मागच्या रांगेत बसतात आणि ठराव त्यांच्या वतीने, त्यांच्याविना संमत होतो. पोडाला स्वतःची ग्रामसभा मिळणे म्हणजे त्याला स्वतःचा आवाज मिळणे. त्यासाठीही पोडानेच ठराव करायचा, अर्ज करायचा आणि उपविभागीय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायच्या. स्वशासनाची सुरुवातसुद्धा अर्जाने व्हावी, यात सारे आले.

मेंढा आणि किल्लारी

ग्रामसभेच्या हाती खरा अधिकार आल्यास काय घडते, याचा दाखला याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या छोट्या गावाने देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत अनेक वर्षे जपली. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा सर्वश्रुत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद हाती असूनही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच होता. बांबू गावाचा, आणि तो गावाबाहेर न्यायचा तर परवाना दुसऱ्याचा! अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याची पुस्तिका ग्रामसभेच्या स्वाधीन झाली. एका पुस्तिकेसाठी केंद्र सरकारचा मंत्री गडचिरोलीच्या जंगलात यावा लागला, ही घटना गौरवाची जितकी, तितकीच चिंतेचीही. मेंढ्याने अधिकार मिळविला तो दीर्घ बोलणीच्या, अभ्यासाच्या आणि चिकाटीच्या बळावर. राज्यातील सगळ्या ग्रामसभांनी असाच एकेक मंत्री गाठावा, अशी अपेक्षा धरणे हास्यास्पद आहे.

येथे एक आक्षेप ठरलेला असतो. लहान, अल्पशिक्षित गावाला एवढे मोठे निर्णय झेपतील काय? या आक्षेपाला लातूर जिल्ह्याने स्वतःच्या अनुभवातून उत्तर देता येईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. त्यानंतरच्या पुनर्वसनात एकाच कार्यक्रमाखाली दोन पद्धती राबविल्या गेल्या. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे नकाशे बाहेर तयार झाले, रुंद सरळ रस्ते आखले गेले, जमीनधारणेच्या प्रमाणात अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे देण्यात आली. सरकारचा हेतू उदार होता आणि घरेही मजबूत होती. पण एका आळीतले शेजारी विखुरले, गुराढोरांची आणि धान्याची जागा हरवली, आणि शेत गावापासून लांब पडले. दुसरीकडे, कमी नुकसान झालेल्या शेकडो गावांत घरदुरुस्तीचे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्याच हाती देण्यात आले. अभियंत्याने पाहायचे, सांगायचे. बांधकाम करवून घ्यायचे घरच्यांनी. गावोगाव महिलांनी संवाद सहायक म्हणून हे काम समजावून घेतले आणि इतरांना समजावून दिले. मातीच्या घरात वाढलेल्या, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या बायका भूकंपरोधक बांधकामाचे तत्त्व समजू शकल्या, कारण निर्णय त्यांचा होता आणि चुकले तर छप्परही त्यांच्याच डोक्यावर येणार होते.

किल्लारीच्या वाट्याला हा प्रश्न एका आपत्तीमुळे आला. किनवटच्या पोडाला तो रोजच्या जगण्यात भेडसावतो. गाव कोठे असावे, जंगलात केव्हा जावे, कोणत्या जमिनीला हात लावू नये, हे ठरविणारा कोण? लातूरच्या भूकंपग्रस्ताला या प्रश्नाचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही.

बिगरआदिवासींचे काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. किनवट तालुक्यात केवळ आदिवासी राहत नाहीत. बंजारा समाजाचे तांडे आहेत, मराठी आणि तेलुगू भाषक शेतकरी आहेत, व्यापारी आहेत. गोंड, कोलाम, आंध आणि परधान यांचेही प्रश्न एकसारखे नाहीत. बंजारा सीमेपलीकडे तेलंगणात अनुसूचित जमातीत मोडतो आणि अलीकडे मोडत नाही, त्यामुळे त्याच्याही मनात न्यायाविषयी प्रश्न आहेत. स्वशासन म्हणजे एका समाजाचे दुसऱ्यावर राज्य, अशी भीती या लोकांच्या मनात असेल, तर ती हेटाळण्यासारखी नाही. परंतु पेसाची ग्रामसभा ही गावातील सर्व प्रौढ मतदारांची सभा आहे. तीत बिगरआदिवासीला मत आहे. फक्त पंचायतींची अध्यक्षपदे आदिवासींसाठी राखीव आहेत, आणि २०१० मध्ये झारखंडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरविली आहे. बिगरआदिवासींच्या हितसंबंधांची हमी करारात लिहिता येते. ज्याला करारच नको असतो, तो भीतीचा उपयोग करतो. ज्याला भीती घालवायची असते, तो करार करतो.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील निस्गा लोकांची हकिकत या दृष्टीने उद्बोधक आहे. नास नदीच्या खोऱ्यातील त्यांचे प्रमुख १८८७ मध्ये आपल्या भूमीविषयी करार मागण्यासाठी प्रांताच्या राजधानीत, व्हिक्टोरियाला गेले आणि त्यांना परत पाठविण्यात आले. १९७३ मध्ये त्यांच्या दाव्यात निकाल देताना कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूलनिवासींचा भूमीवरील हक्क ही कायद्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे, असे मान्य केले. त्यानंतर केंद्र सरकार बोलणीस बसले, ब्रिटिश कोलंबिया प्रांत त्याहूनही उशिरा आला. ११ मे २००० रोजी करार अमलात आला. निस्गांना सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर भूमी आणि जमीन, जंगल, भाषा, संस्कृती यांविषयी कायदे करण्याचा अधिकार मिळाला. त्यांनी मूळ मागितलेल्या प्रदेशाचा मोठा भाग सोडला, करसवलती टप्प्याटप्प्याने सोडल्या, आणि देशाचा फौजदारी कायदा व मूलभूत हक्कांची सनद मान्य केली. या तडजोडीवर त्यांच्यातच टीका झाली. तरीही तिच्यात एक गोष्ट आहे, जी किनवटला कधी मिळाली नाही. दोन्ही बाजूंनी काय दिले आणि काय घेतले हे लेखी आहे, आणि ते बदलायचे तर एका बाजूच्या मर्जीने बदलता येत नाही. कॅनडाचे तुकडे झाले नाहीत. भारतातही बोडो प्रदेशाविषयी २००३ आणि २०२० मध्ये केंद्राने, राज्याने आणि बोडो संघटनांनी एकत्र बसून समझोते केले. दुर्दैव इतकेच, की तेथे बोलणीचे मेज मांडण्यापूर्वी फार रक्त सांडावे लागले. जे शांत राहिले, अर्ज करीत राहिले, त्यांच्यासाठी मेज मांडण्याची तातडी कोणाला वाटली नाही. ही शिकवण कोणत्याही लोकशाहीने आपल्या नागरिकांना देऊ नये.

महाराष्ट्रात असे मेज नाही, याची जाणीव ४ ऑक्टोबर २०२४ रोजी एका विलक्षण दृश्याने झाली. पेसा क्षेत्रातील रखडलेली नोकरभरती आणि आरक्षणाचा प्रश्न यांकडे लक्ष वेधण्यासाठी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी आदिवासी लोकप्रतिनिधींसह मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घेतली. त्या कृतीच्या योग्यायोग्यतेविषयी दुमत होऊ शकेल. पण सभागृहात अध्यक्षांच्या आसनावर बसणाऱ्या माणसाला आपल्या समाजाचे म्हणणे मांडण्यासाठी जाळीवर उतरावेसे वाटले, तेथे कोलाम पोडातल्या म्हाताऱ्याने कोणत्या खिडकीशी उभे राहावे?

मराठवाड्याचे कर्तव्य

२००९ मध्ये नांदेड येथे नवे महसूल आयुक्तालय स्थापन करण्याचा निर्णय झाला, तेव्हा लातुरात तीव्र विरोध झाला आणि दोन शहरांतील हा वाद न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही बाजूंनी अंतराचे, लोकसंख्येचे, दळणवळणाचे दाखले दिले गेले. कार्यालय कोठे असावे यावर एवढी शक्ती खर्च झाली. त्या कार्यालयाच्या कक्षेतील दूरच्या टोकाला स्वतःचे काय ठरविता येईल, हा प्रश्न दोन्ही शहरांना सुचला नाही. किनवटचा वेगळा जिल्हा व्हावा ही मागणीही जुनी आहे. ती मान्य झाली तर जिल्हाधिकारी जवळ येईल, ही सोय खरीच. परंतु सत्ता जवळ येणे आणि सत्ता हाती येणे या भिन्न गोष्टी आहेत.

करायचे काय, हे अवघड नाही. अनुसूचित क्षेत्रातील प्रत्येक पोड, पाडा आणि वाडी यांना स्वतंत्र गाव म्हणून मान्यता देण्याची जबाबदारी अर्जदारावर न टाकता प्रशासनाने स्वतः घ्यावी. जमीन संपादनापूर्वीचा विचारविनिमय केवळ उपचार ठरू नये यासाठी, ग्रामसभेचे म्हणणे डावलायचे असल्यास त्याची कारणे लेखी देण्याचे आणि त्या कारणांवर दाद मागता येण्याचे बंधन असावे. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांचे मत घेण्याचा आदेश दिला, बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो नकार टिकला. तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. थेट निधी ग्रामसभेने कशावर खर्च करावा, याची यादी वरून येऊ नये. आणि किनवट-माहूरच्या ग्रामसभांच्या प्रतिनिधींची एक परिषद असावी, जिच्याशी राज्यपालांनी, राज्याने आणि केंद्राने वर्षातून ठराविक वेळी, ठरलेल्या विषयपत्रिकेवर बसावे, आणि जे ठरेल ते मराठीत आणि गोंडीत लिहून दोन्ही पक्षांनी त्यावर स्वाक्षऱ्या कराव्या. सहाव्या अनुसूचीच्या नमुन्याविषयीचे कलम कायद्यात आहेच. या परिषदेपासून त्याचा आरंभ करता येईल. यांपैकी एकाही गोष्टीसाठी घटना बदलावी लागत नाही.

यात मराठवाड्याच्या प्रमुख शहरांनी, विशेषतः लातूरने, पुढाकार घेण्याचे कारण सहानुभूतीपुरते नाही. वैधानिक मंडळ पुन्हा मिळावे, पाण्याचा न्याय्य वाटा मिळावा, निर्णय मुंबईत न होता येथे व्हावेत, असे मराठवाडा म्हणतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला, आपल्या पाण्याचा निर्णय दुसरीकडे होण्याचा अर्थ चांगला कळतो. या मागणीचे नैतिक बळ एकाच कसोटीवर टिकेल. जो न्याय मराठवाडा वरच्याकडे मागतो, तो खालच्याला देण्याची त्याची तयारी आहे काय? स्वतःसाठी करार आणि किनवटसाठी अर्जाचा नमुना, ही भूमिका फार काळ टिकणारी नाही.

जोडेघाटच्या डोंगरात १९४० मध्ये जी बोलणी मोडली, ती अजून पुरी व्हायची आहे. बारा गावांना पट्टे देऊ करणाऱ्या अंमलदारांची नावे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. पट्टा नाकारून राज्य मागणाऱ्याचे नाव मात्र गोंडांच्या घराघरांत आहे. येत्या १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाची भाषणे होतील, तेव्हा त्यांत किनवटच्या पोडालाही स्थान असावे, आणि ते स्मरणाच्या यादीतील एका नावापुरते नसावे. मराठवाडा मुक्त झाला त्या दिवशी किनवट आदिलाबादेत होते. ते मराठवाड्यात आले, पण त्याच्याशी बोलणे मात्र अजून कोणी सुरू केलेले नाही.